तळ्यातील गाळ काढायचा आहे. परवानगी कोणाकडे मागावी? (तालुका यावल)

यावलकर: आमचे तळे पूर्वी आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) पाणी धरून असे, गेली तीन वर्षे ते संक्रांतीलाच कोरडे पडते. गाळ भरपूर आहे आणि तो स्वखर्चाने वाहून नेण्यास शेतकरी तयार आहेत. अर्ज कोणाकडे करावा, एवढेच सांगावे. पाऊस तोंडावर आला आहे.

निवृत्त_अभियंता: तळे कोणाच्या मालकीचे आहे, हे आपण लिहिलेले नाही, आणि परवानगी त्यावरच अवलंबून आहे. शिवाय ते गावतळे आहे की पाणी जमिनीत मुरवण्यासाठी बांधलेला पाझर तलाव? सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गाळाच्या पट्ट्यात, दगडगोट्यांच्या थरांतून पाणी झपाट्याने मुरते, त्यामुळे तेथील पाझर तलाव लवकर आटला तरी खालच्या विहिरी भरलेल्या असतील, तर त्याने आपले काम केले असे समजावे.

केळीबाग_रावेर: एवढी चौकशी कशाला? सरळ प्लास्टिकचे अस्तर टाका. माझ्या शेततळ्यात जूनपर्यंत पाणी असते. ठिबकचे अनुदान हवे असल्यास तेही सांगतो.

निवृत्त_अभियंता: भाऊ, पाझर तलावाला अस्तर घातले, तर पाझरणार काय?

भडगावचे_आबा: आमच्याकडे आधी गाळच काढला आणि पावसाळ्यात तळे निम्मेही भरले नाही, कारण वरचा नाला दोघांनी नांगरून शेतात घेतला होता. आधी पाणी येण्याचा मार्ग पाहून या.

यावलकर: नाला मोकळा आहे. तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांतला, जिल्हा परिषदेचा पाझर तलाव आहे. खालच्या विहिरी मात्र आता फेब्रुवारीतच तळ गाठतात. अलीकडे तेथे अकरा बोअर झाल्या; त्यांतील एक माझी आहे, परंतु त्याचा गाळाशी संबंध नाही.

निवृत्त_अभियंता: ही माहिती पहिल्याच ओळीत हवी होती. ग्रामसभेचा ठराव घेऊन जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागात जा आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेविषयी तेथेच विचारा. गाळ काढल्याने मुरण्याची वाट मोकळी होईल. मात्र मुरूम लागताच थांबा आणि भरावाच्या पायथ्याशी खोदू नका. मुरलेले पाणी अकरा पंप उपसत असतील, तर विहिरींना त्यातले किती मिळेल, हा हिशेब वेगळा आहे. आपली बोअर किती खोल आहे? २००९ च्या राज्य भूजल अधिनियमानुसार अधिसूचित (शासनाने तसे जाहीर केलेल्या) क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटर (सुमारे दोनशे फूट) किंवा त्याहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे.

यावलकर: साडेपाचशे फूट. ठरावाचा नमुना कोणाकडे आहे का?