खासगी जमिनीवरील कचरा भरावभूमी आणि गावाची संमती

प्रश्न : आमच्या गावालगतच्या खासगी माळरानावर अनेक नगरपालिकांच्या कचऱ्यासाठी सामायिक भरावभूमी (कचरा पुरण्याची जागा) उभारण्याचा प्रस्ताव असून मालकाने ग्रामपंचायतीकडे ना-हरकत दाखला मागितला आहे. ग्रामसभेपूर्वी आम्ही काय तपासावे?

प्रतिसाद : सर्वप्रथम अंतरे स्वतः मोजून घ्यावीत. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार भरावभूमी नदीपासून 100 मीटर, तर तळे, महामार्ग, वस्ती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून 200 मीटर दूर असावी लागत असे; 2026 मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली आहे, म्हणून सध्याची अंतरे तपासून घ्या. 2016 च्या नियमांत तळाशी 90 सेंटिमीटर चिकणमातीचा थर व त्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर अपेक्षित होते. माझ्या मते, खरा प्रश्न कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्याचा आहे. ते कुठे साठवणार आणि कुठे शुद्ध करणार, हे लेखी मागा.

प्रतिसाद : ना-हरकत दाखला म्हणजे सर्व परवानग्या नव्हेत. अशा सामायिक प्रकल्पांना केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरी लागते आणि तीत जनसुनावणीसाठी किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते. सुनावणीत मतदान होत नाही व गणसंख्येचीही (किमान उपस्थितीची) अट नसते, त्यामुळे गर्दीपेक्षा नोंदवलेल्या हरकतींना महत्त्व आहे. इतिवृत्त शेवटी मराठीत वाचून दाखवले जाते, तेव्हा आपला मुद्दा त्यात आला आहे की नाही, हे कृपया तिथेच ऐकून घ्या.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. प्रस्तावित सीमेजवळच आमची सार्वजनिक विहीर आहे. उद्याच टेप घेऊन मोजणी करतो.