वादळाच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी काय चाललं होतं?

माडाखालची
आज पाडेली, म्हणजे नारळ काढणारा, आला होता. कोयता कमरेला लावता लावता म्हणाला, "बाय, सुकी चुडतंपण (झावळ्या) उतरवतो गो, मे महिना आहे." आणि मला १५ मे २०२१ची संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. दुसऱ्या दिवशी गोव्यात तौक्ते चक्रीवादळ येणार होतं, करोनाचा कर्फ्यू, पाडेली मिळेना. बाबा शिडी लावून हाताला येतील तेवढे नारळ काढत होते. आई अंगणात वाळत घातलेली आमसोलं, मिरच्या, सुंगटं (कोळंबी) पदरात भरभरून आत आणत होती. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, अर्धं सामान अजून बाहेरच होतं.
रविवारी वारा सुटला तसे छपराचे नळे पत्त्यांसारखे उडाले. शेजारचा माड तारांवर आडवा. चार दिवस वीज नाही. आम्ही पंप बसवल्यावर विहिरीचा रहाट काढून टाकला होता. सगळा वाडा मग काकींच्या रहाटावर, रांगेत, मास्क लावून. त्या पावसाळ्यानंतर बाबांनी पहिलं काम केलं ते रहाट परत बसवायचं.
तुमच्याकडे कोण काय करायचं? लिहा ना.

गौरांगी_फोंडा
आमच्याकडे तीन दिवस. फ्रीजमधले मासे सगळ्या बिल्डिंगला वाटले. फोन चार्ज करायला लोक गाडीत बसायचे.

शापोरकार
घरी चार पिढ्या मासेमारी. आजा म्हणायचा, आभाळ बघू नको, लाट बघ. वारा पडलेला, ऊन लख्ख, आणि तरी मध्ये बराच वेळ जाऊन एकेक जाडजूड लाट येते. वादळ शेकडो किलोमीटर लांब असतं, पण त्याची लाट आधी पोचते. अशी लाट दिसली की होड्या वर ओढायच्या, दोर दुहेरी करायचे, इंजिन घरी न्यायचं.
पण हे किनाऱ्यावरच्याला. खोल दर्यात असलेल्याला कळून काय उपयोग? फयान वादळाच्या वेळी, नोव्हेंबर २००९, माझा मामा बाहेर होता. पाऊस संपलेला, मासळीचे दिवस, कोणाच्या ध्यानीमनी नाही. ११ तारखेला ते अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये जमिनीवर गेलं, पण वाटेत आमचा सगळा दर्या ढवळून गेलं. तेव्हा थोडं आत गेलं की मोबाइल बंद. मामी दोन रात्री दारात बसून होती, दिवा विझू दिला नाही. तिसऱ्या दिवशी देवगडहून फोन, "लागलो." कोकणातले कितीतरी परत आलेच नाहीत.
आता वायरलेसवर निरोप मिळतो, बंदरात धोक्याचा बावटा लागतो. तीन नंबर लागला की आमच्याकडे कोणी वाद घालत नाही.

माडाखालची
अंगावर काटा आला दादा. मामी कशा आहेत?

शापोरकार
बऱ्या आहेत. अजून वारा वाढला की पहिला फोन मलाच.

सांखळीचो
३ डिसेंबर २०१७. दत्तजयंतीला आम्ही सगळे दत्तवाडीत. मोरजीहून भावाचा फोन, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाणी शिरलं, खाटा तरंगताहेत. इकडे पानही हलत नव्हतं! ओखी वादळ लांबून जात होतं, पण त्याच्या लाटा आणि पौर्णिमेची भरती एकाच रात्री जुळली. तेव्हापासून भाऊ वादळाची बातमी आली की आधी कॅलेंडरवर तिथी बघतो.

नीता_टॅम्पा
मूळ म्हापशाची, आता अमेरिकेत फ्लोरिडात. इथे हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे प्लायवूड गॅरेजमध्ये कायम. खिडक्यांवर ठोकायचं, बाथटब पाण्याने भरायचा, कागदपत्रं झिपलॉकमध्ये. घर कुठल्या झोनमध्ये येतं हे पोरांनाही पाठ असतं, कारण घर सोडायचा हुकूम झोनप्रमाणे निघतो.
एक सांगते. २०२२ला इयन हरिकेन आमच्यावर येणार म्हणून सगळे टॅम्पाकडे बघत होते. आम्ही निघून गेलो. ते खाली फोर्ट मायर्सच्या बाजूला धडकलं, आणि आमच्या खाडीतलं पाणी वाऱ्याने उलट आत ओढून नेलं, तळ उघडा पडला होता. नकाशात जो पंख्यासारखा पसरत जाणारा पट्टा दाखवतात ना, तो वादळाच्या केंद्राचा अंदाज असतो, वादळाच्या रुंदीचा नव्हे. आणि तीनातून एकदा केंद्र त्याच्याही बाहेर जातं. लोक मधली रेघ बघतात आणि "आपण सुटलो" म्हणतात. कृपा करून रेघ बघू नका.

वेळगेकर
नीताताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आपल्याकडेही हवामान खातं टप्प्याटप्प्याने सांगतं: साधारण ७२ तास आधी पहिली सूचना, ४८ तासांवर सावधगिरीचा इशारा, २४ तासांवर पक्का. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमीला पोचला की वादळाला नाव मिळतं. आमच्या वाड्यावर नाव पडलं की कामाला लागायचं असं ठरलंय. पोरं गटार साफ करतात, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी आहे, प्रत्येकाच्या नावापुढे एक घर लिहिलेलं.

गौरांगी_फोंडा
यादीची कल्पना घेते. आमच्या मजल्यावर दोन आज्या आहेत.

पेडणेकरीण
तौक्ते म्हणजे काय पण? उच्चारच जमत नव्हता.

वेळगेकर
म्यानमारने दिलेलं नाव. अर्थ पाल, ती मोठी आवाज करणारी.

पेडणेकरीण
अग्गोबाई! माझ्या सासूबाई शनिवारपासून म्हणत होत्या, मनात पाल चुकचुकतेय 😄

नीता_टॅम्पा
😄😄 सासूबाईंना हवामान खात्यात घ्या.

माडाखालची
आईला वाचून दाखवलं, हसून हसून डोळ्यांत पाणी.

नीता_टॅम्पा
माडाखालची, पुरुमेंतात चेपणीचे तोर (मिठात दाबलेल्या कैऱ्या) घालता का? इथे मेक्सिकन दुकानात कैऱ्या मिळतात, पण माझे मऊ पडतात.

माडाखालची
आई म्हणते देठासकट घ्या, पुसून पूर्ण कोरडे करा, जाडं मीठ, आणि वर दगड. दगड जड पाहिजे. पाणी सुटून तोर बुडेपर्यंत काढायचा नाही.

नीता_टॅम्पा
दगड कुठला आणू इथे? बरं, डंबेल ठेवते.