दादांच्या नावाने एक लॅप: ट्रॅकवर नीट कसा करावा?

तिसरा_गिअर
आमच्या मोटरसायकल रेसिंग क्लबचे अध्यक्ष गेले. सगळे त्यांना दादाच म्हणत. कुणाची एन्ट्री फी कमी पडली की ते गुपचूप भरून टाकायचे. कुणी पडलं की स्वतःच्या गाडीचा क्लच लिव्हर काढून त्याच्या हातात द्यायचे. हंगामाच्या पहिल्या राउंडला त्यांच्या नावाने सगळ्यांनी एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, मारायचा आहे. 40 गाड्या, पुढे दादांची गाडी आणि तिच्यावर त्यांचा मुलगा. गाडी वर्षभर उभी आहे. मुलगा रोजची बाईक चालवतो, रेसची कधी नाही. मौन कधी पाळावं? वेग किती ठेवावा?

पिटलेन
मौन आधी, पिटलेनमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्यांची कामं होतात त्या पट्ट्यात), इंजिनं बंद ठेवून. ग्रिडवर, म्हणजे स्टार्टच्या रांगेत, नको. रेसच्या बऱ्याच गाड्यांना रेडिएटरचा पंखा नसतो; इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की पाणी उकळायला लागतं. बंद केलं तर ज्यांचा स्टार्टर काढलेला आहे ते तिथेच अडकतात. पिटलेनमध्ये स्टँड, गाडी स्टार्ट करायचा रोलर, मेकॅनिक सगळं हाताशी असतं.

लॅप जेवणाच्या सुट्टीत घ्या, रेसच्या तोंडावर नाही. टायर वॉर्मरमधून 80 अंशांवर निघालेला स्लिक (बिनखाचांचा रेस टायर) संथ चालीत झपाट्याने थंड पडतो, आणि त्यावर कुणी थ्रॉटल उघडला की मागचं चाक सुटतं. वेग ताशी 60-70 किमी ठेवा. त्याहून कमी नको, कारण रेस गिअरिंगचा पहिला गिअर लांब असतो; अर्धा क्लच धरून चालवलं की प्लेटा जळतात. नवखे पुढच्या गाडीच्या लगेच मागे, जाणते शेवटी: रांगेच्या शेपटाला सारखं ब्रेक-थ्रॉटल करावं लागतं. ओव्हरटेक बंद, सगळ्या पोस्टवर पिवळा झेंडा, मार्शल आणि अ‍ॅम्ब्युलन्स जागेवर. क्लार्क ऑफ द कोर्सची (ट्रॅकवरच्या मुख्य अधिकाऱ्याची) परवानगी लेखी घ्या.

लॉकवायर
आधी शिफ्ट पॅटर्न बघा. रेस शिफ्ट असेल तर पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. रोजच्या सवयीने मुलगा वरचा गिअर टाकायला जाईल आणि खालचा पडेल, मागचं चाक लॉक होईल. गिअर लिव्हरचं लिंकेज फिरवून साधा पॅटर्न करून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

गाडीचं: जुनं पेट्रोल टाकीतून आणि लाइनमधून पूर्ण काढा. रेसमध्ये कूलंटऐवजी नुसतं पाणी असतं, ते वर्षभर राहिलं तर आत गंज धरतो; दोनदा फ्लश करा. ब्रेक फ्लुइड नवीन. टायर उभे राहून कडक झाले असतील, ते बदलाच. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, मगच स्टार्ट.

उजवं_वळण
मौनाऐवजी आवाजही चालतो. 2011 मध्ये व्हॅलेन्सियाला, रेसमध्ये गेलेल्या मोटोजीपी रायडर मार्को सिमोन्चेलीसाठी त्याच्या वडिलांच्या इच्छेने तसंच केलं होतं, आणि त्याची 58 नंबरची गाडी माजी विश्वविजेता केविन श्वांट्झने चालवली होती. फक्त न्यूट्रलमध्ये लिमिटरवर (इंजिनच्या कमाल आरपीएमवर) धरून ठेवू नका, एक्झॉस्टचा पाइप तापून लाल होतो. निम्म्या आरपीएमवर पुरेसा आवाज होतो. पण आधी दादांच्या घरच्यांना विचारा.

लॉकवायर
आणि पिटमध्ये दादांच्या नावाची एक पेटी कायमची ठेवा. क्लच-ब्रेक लिव्हर, फुटपेग, 0.8 मिमी लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार), चेन लिंक, ब्रेक पॅड. क्लिपऑनच्या (रेस गाडीच्या सुट्या हँडलच्या) नळ्या 22 मिमीच्या, त्या बहुतेकांना चालतात. क्लॅम्प मात्र फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) मापाने वेगवेगळे लागतात. सोबत एक वही: काय नेलं, कोणत्या नंबरच्या गाडीला. पैशाचा रकाना नको, दादांनी तो कधी ठेवला नसता.