ब्राउन–रोच ऐकायला दोन सीडींचा संच 'पुरेसा' कसा?

पितळी_सूर
काल एका पोस्टमध्ये वाचलं: "क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच ऐकायचे असतील तर 'अलोन टुगेदर: द बेस्ट ऑफ द मर्क्युरी इयर्स' हा १९९५चा दोन सीडींचा संच घ्या. तेवढा पुरे, बाकीचे अल्बम संग्राहकांसाठी." ब्राउन ट्रम्पेटवादक, रोच ड्रमर. दोघांचा मिळून पाच जणांचा जॅझ बँड होता, आणि मर्क्युरी ही त्यांची रेकॉर्ड कंपनी. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळा धागा.

पहिला आक्षेप 'मर्क्युरी इयर्स' या कुंपणाला. मार्च १९५६ मध्ये याच पाच जणांनी (ब्राउन, टेनर सॅक्सोफोनवर सनी रोलिन्स, पियानोवर रिची पॉवेल, बासवर जॉर्ज मॉरो, रोच) प्रेस्टिज या दुसऱ्या कंपनीसाठी 'सनी रोलिन्स प्लस फोर' रेकॉर्ड केला. बँड तोच, फक्त नाव रोलिन्सचं. त्यात 'व्हाल्स हॉट' आहे, तीन मात्रांची चाल. २६ जूनला ब्राउन आणि पॉवेल पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर अपघातात गेले. पुढच्या वर्षी रोचने ट्रम्पेटवर केनी डोरहॅमला घेऊन 'जॅझ इन थ्री-फोर टाइम' केला आणि त्यात 'व्हाल्स हॉट' पुन्हा वाजवलं. म्हणजे ब्राउनबरोबरचा रोच आणि ब्राउननंतरचा रोच यांना जोडणारा सगळ्यात स्पष्ट दुवा दुसऱ्या कंपनीकडे राहिला. या संचात तो येऊच शकत नाही.

दुसरा आक्षेप मांडणीला. पहिली सीडी दोघांची, दुसरी ब्राउन गेल्यानंतरच्या रोचच्या बँडची, आणि मुखपृष्ठावर नावं मात्र दोघांची. नवखा माणूस दुसरी सीडी लावून ब्राउन शोधत बसतो. डोरहॅमचा स्वर मऊ, कडा थोड्या धूसर. ब्राउनचा भरीव, आणि कितीही जलद लय असली तरी प्रत्येक स्वर जिभेने सुटा केलेला. हा फरक आधी सांगितला नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं, ब्राउनच आज ढिला वाजवतोय.

जुनी_तबकडी
दुसऱ्या सीडीबद्दलचं तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. तीच या संचाची जमेची बाजू आहे. ब्राउनच्या चाहत्यांनी रोचला कायम 'क्लिफर्डचा ड्रमर' करून ठेवलंय. अहो, ब्राउन गेल्यावर त्याने पियानोच काढून टाकला! चार्ली पार्करच्या रचनांचा मर्क्युरीचा अल्बम ऐका, ट्रम्पेट, टेनर, बास आणि ड्रम्स, बस्स. स्वरसंगती कोणी भरून देत नाही, त्यामुळे ड्रम्सला जागा मिळते. नंतर १९५८ मध्ये ट्रम्पेटवर बुकर लिटल आला, वय २०. १९६१ मध्ये २३व्या वर्षी तोही गेला. हे सगळं नवख्याने एरवी कुठून ऐकावं?

'सगळंच घ्या' म्हणणाऱ्यांना एक विचारतो. ब्राउनचा एमआर्सीचा (मर्क्युरीचंच जॅझ लेबल) संपूर्ण संच १० सीडींचा आहे. एकाच गाण्याचे टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे वेगवेगळे प्रयत्न, मागोमाग. ज्याला 'जोर्दू'ची चाल अजून गुणगुणता येत नाही, त्याने त्याचे पर्यायी टेक ऐकून काय करायचं?

लँडप्रेमी
दोघंही मूळ माणूस विसरलात. आपल्याकडे रोलिन्स १९७८च्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवून गेला, म्हणून त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी. पण ऑगस्ट १९५४ची लॉस एंजेलिसची आणि फेब्रुवारी १९५५ची न्यूयॉर्कची सत्रं, म्हणजे 'जॉय स्प्रिंग', 'दाहूद', 'सांदू', 'चेरोकी', या सगळ्यांत टेनर हॅरल्ड लँडचा आहे. रोलिन्स १९५५च्या अखेरीस आला. या बँडची ओळख ज्या ध्वनिमुद्रणांवर उभी आहे ती बहुतेक लँडबरोबरची.

त्रितालवाला
ड्रम्सला जागा, ड्रम्सला जागा असं सगळे म्हणतात, पण सोलो सुरू झाला की पाणी प्यायला उठतात. कसं ऐकायचं ते सांगतो. बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट. चार बार म्हणजे १६ मात्रा, आपल्या तीनतालाचं एक आवर्तन. 'जॉय स्प्रिंग'सारखं ३२ बारांचं गाणं म्हणजे आठ आवर्तनं. ब्लूज १२ बारांचा, म्हणजे तीन. हाताने तीनताल धरा, समेवर लक्ष ठेवा, रोचचा सोलो उलगडतो. हा आपल्या तबला सोलोचाच प्रकार आहे.

पितळी_सूर
नाही हो. गणित बरोबर, निष्कर्ष साफ चूक. तीनतालात प्रत्येक १६ मात्रांनी समेचं वजन येतं, मध्ये खाली असते. इथे तसं काही नाही. पायाने वाजणारा हाय-हॅट (झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, पहिलीवर नाही. रोच तीन मात्रांचा बोल घेऊन चार मात्रांच्या बारवरून तिरका नेतो. १६ मात्रांत असे पाच बसतात आणि एक मात्रा उरते. तुम्ही तिथे तिहाईची वाट पाहत बसाल आणि तो सरळ पुढे निघून गेलेला असेल.

गाण्याची बांधणी स्वरसंगतीवर आहे. 'जॉय स्प्रिंग'चे पहिले आठ बार एफमध्ये (म्हणजे एफ हा सा), दुसरे आठ तेच पण अर्धा स्वर वर, जी-फ्लॅटमध्ये. मग ब्रिज, म्हणजे मधला वेगळ्या चालीचा भाग: जी, एफ, ई-फ्लॅट, जी-फ्लॅट, आणि शेवटचे आठ परत एफ. तुमच्या आठ आवर्तनांत हे चारही भाग सारखेच दिसतात. चाल मनात गा आणि तिच्यावर सोलो ऐका. तिसऱ्या आठ बारांना ब्रिज मनात वळला नाही तर पुढचं सगळं हुकतं.

त्रितालवाला
चाल मनात गा म्हणे! म्हणजे आधी चाल पाठ पाहिजे. ज्याला पाठ नाही त्याने ऐकूच नये का? तबल्याच्या सोलोतही मागे लेहरा असतोच, तोही सूरच आहे. कानावर ताल चढलेल्या माणसाला त्याच्या ओळखीच्या वाटेने आत येऊ द्या. प्रत्येक वेळी 'तुम्हाला हार्मनी कळत नाही' हा आव आणला की लोक जॅझपासून पळतात.

पितळी_सूर
आव नाही. चुकीच्या ठिकाणी टाळी पडली की सोलो समजलाच नाही, एवढंच म्हणणं. आणि लेहरा तबलजीच्या सोलोभर चालू राहतो. रोच एकटा वाजवतो तेव्हा बासही थांबलेला असतो.

लँडप्रेमी
भांडण सोडा आणि 'द ब्लूज वॉक' लावा, दोघांचंही तिथे भागेल. ब्राउन आणि लँड आधी चार-चार बार वाटून घेतात, मग दोन-दोन, मग एकेक, शेवटी अर्धा-अर्धा. १२ला चारने भागलं तर तीन वाटे येतात, विषम. म्हणून एका कोरसची (१२ बारांच्या एका फेरीची) सुरुवात ज्याने केली त्याच्याकडे पुढच्या कोरसची सुरुवात येत नाही. दोन-दोनला सहा वाटे, सम, मग सुरुवात त्याच्याकडेच राहते. हे ध्यानात असलं की वाटा लहान होतो तिथे गोंधळ होत नाही.

'चेरोकी'ला मात्र मात्रा मोजूच नका. ६४ बार, २५६ मात्रा, त्या लयीत जीभ अडखळते. एका बारला दोनच ठोके धरा.

त्रितालवाला
विषम-समचा मुद्दा मान्य. तो आवर्तनं मोजूनच कळतो, हेही नोंदवून ठेवा.

जुनी_तबकडी
मूळ विषयावर येऊ. निवडक संचांत तारखांचा घोळ असतो, हे मीही सांगतो. ब्राउनचाच 'द बिगिनिंग अँड द एंड' घ्या, कोलंबिया, १९७३. त्यातलं फिलाडेल्फियाचं वादन मृत्यूच्या आदल्या रात्रीचं म्हणून कित्येक वर्षं विकलं गेलं, नंतर ते १९५५चं निघालं. मोबाइलवर ऐकणाऱ्यांना तर संचाचं प्रकाशन वर्षच गाण्याचं वर्ष म्हणून दिसतं, १९५४चं ध्वनिमुद्रण १९९५चं होतं. तेव्हा सत्राची तारीख आणि वादकांची नावं बघितल्याशिवाय कुठलाच संच ऐकू नये.

'व्हाल्स हॉट'वाचून दुवा तुटतो, हेही खरं. तरी संच टाकून द्यायचं कारण मला दिसत नाही. पहिली सीडी ऐकून झाली की दुसरी लावण्याआधी 'सनी रोलिन्स प्लस फोर' मध्ये घाला.

पितळी_सूर
म्हणजे 'तेवढा पुरे' नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं. आणि मध्ये घालणारच असाल तर रोलिन्सच्या आधी 'आय गेट अ किक आउट ऑफ यू' पण घाला, ऑगस्ट १९५४चं. त्याच्या चालीत हाच बँड तीन आणि चार मात्रांत ये-जा करतो. रोचच्या तीन मात्रा तिथून ऐकत आलात की १९५७चा अल्बम अचानक आल्यासारखा वाटत नाही.