मदत हवी आहे: मराठी वाचनासाठी एनव्हीडीएचा (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) वेग किती ठेवावा?

विंडोजवर एनव्हीडीए, ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या इंजिनाचा मराठी आवाज, रेट बूस्ट (वेग आणखी वाढवणारी सोय) बंद, हेडफोन लावून. काम दोन प्रकारचं: लांब मजकूर सलग ऐकणं आणि हिशेबाचे तक्ते तपासणं.

रेट (बोलण्याचा वेग, ० ते १००) ४० वर सगळं स्वच्छ कळतं, पण मोठा मजकूर संपता संपत नाही. दर चार दिवसांनी ५ ने वाढवत ६५ पर्यंत आणला. गोष्टीसारखा मजकूर ६५ लाही समजतो, कारण संदर्भ हाताशी असतो. आकड्यांना संदर्भच नसतो, म्हणून घोटाळा तिथे होतो: सदुसष्ट की अडुसष्ट, एकोणसाठ की एकोणसत्तर, कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही ५५ नंतर कानाला जाणवेनासा होतो. रेट बूस्ट लावून पाहिलं. त्याच आकड्यावर वेग एकदम इतका वाढतो की जोडाक्षरं गिळली जातात.

पिच (आवाजाची पट्टी) थोडा वाढवल्याने किंचित फायदा झाला. सलग वाचन सुरू होताच आपोआप लागू होईल असं ('सलग वाचन' या ट्रिगरवर) सेटिंग्जचं वेगळं प्रोफाइल करून तिथे ६५ आणि बाकी सगळीकडे ४५ ठेवलं, ते उत्तम चालतं. पण सलग वाचनातच मध्ये आकडे आले की अडचण तीच. उच्चार शब्दकोशात रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातले ठरावीक नमुने ओळखणाऱ्या सूत्राने) अंकांमध्ये जागा घातली, तर २५०० हे 'दोन पाच शून्य शून्य' होतं. फोन नंबरला ठीक, रकमेला निरुपयोगी.

आवाज ऑफलाइन चालणाराच हवा. सलग वाचनाचा वेग ६५ च ठेवून फक्त संख्या हळू उच्चारून घेण्याचा काही मार्ग आहे का? नसेल, तर आकडे न चुकता ऐकू येतील असा सर्वाधिक रेट तुमच्या अनुभवात किती, आणि तो कान तयार व्हायला किती दिवस लागले?