उणे वीसमध्ये उघड्यावर एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग): याला काही मर्यादा हवी की नको?

मिडवेस्टचा_मराठी
ग्रीन बे पॅकर्सचा, म्हणजे विस्कॉन्सिनच्या कडाक्याच्या थंडीतल्या टीमचा, फॅन असूनही माझं ठाम मत आहे की अमुक थंडीच्या खाली मॅच पुढे ढकलायचीच असा नियम हवा. १३ जानेवारी २०२४ ला कॅन्सस सिटीत तिथले चीफ्स आणि मायामी डॉल्फिन्स यांची प्लेऑफ (बाद फेरीची मॅच) झाली, किकऑफला उणे २० सेल्सिअस, वारा धरला तर उणे ३३ च्या आसपास. चीफ्सचा क्वार्टरबॅक (चाली रचून पास देणारा मुख्य खेळाडू) महोम्स, त्याच्या हेल्मेटचा टवका उडाला, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. पण त्या थंडीच्या लाटेत हिमदंश होऊन काही लोकांची बोटं कापावी लागली आणि त्यातले काही मॅचला गेलेले होते, हे तिथल्या हॉस्पिटलने नंतर सांगितलं तेव्हा चार दिवस हळहळ आणि मग सगळं शांत. कापलेली बोटं परत येत नाहीत हो.

चीझहेड_पुणेकर
अरे पॅकर्सचा फॅन आणि तू हे बोलतोस? ३१ डिसेंबर १९६७, ‘आइस बोल’ म्हणून गाजलेली पॅकर्स-डॅलस काउबॉइज मॅच, ग्रीन बेचं लॅम्बो फील्ड, उणे २५, मैदानाखालची हीटिंग सिस्टिम बंद पडलेली, जमीन दगडासारखी, आणि शेवटचे १६ सेकंद उरलेत, टाइमआउट संपलेत, रनिंग बॅकचे (बॉल घेऊन पळणाऱ्यांचे) पाय बर्फावरून घसरतायत म्हणून पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार म्हणतो मीच बॉल घेऊन घुसतो, आणि घुसला, पॅकर्स २१-१७ जिंकले. नियम असता तर ती मॅच झालीच नसती. ग्रीन बे केवढंसं गाव, टीमची मालकी सामान्य लोकांकडे, थंडी त्यांच्या जगण्याचा भाग आहे. थंडी नको म्हणून छपराखाली नेला तर तो खेळ मेलाच म्हणून समज.

सोलापुरी_इन_डॅलस
त्याच मॅचची दुसरी बाजू पण सांगा की दादा. पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, एकाच्या ओठाला शिट्टी चिकटून रक्त आलं, मग पुढची मॅच नुसत्या आरडाओरड्यावर. आमच्या डॅलसचा बॉब हेज, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधला १०० मीटरचा गोल्ड मेडलिस्ट, हात गारठले म्हणून पास आपल्याकडे येणार नसला की हात पँटमध्ये घालून उभा राहायचा, ते पॅकर्सच्या डिफेन्सने ओळखलं. जगातला सगळ्यात वेगवान माणूस असा निकामी झाला, यात खेळ कुठे आला? आणि स्टँडमध्ये एक वयस्कर प्रेक्षक थंडीने गेला.

चीझहेड_पुणेकर
हेजने हात बाहेर ठेवायचे होते. समोरच्या टीमला पण तेवढीच थंडी होती ना? वरचं सीडिंग (मानांकन) मिळवायला अख्खा सीझन झिजावं लागतं, घरचं मैदान हे त्याचंच बक्षीस. मायामीच्या टायरिक हिलने त्याच गारठ्यात ५३ यार्डांचा टचडाउन मारला, म्हणजे खेळता येतं. बफेलोने नवं स्टेडियम बांधलं तेही बिनछपराचं, मुद्दाम.

फक्त_सॉकर
आमच्या सॉकरमध्येही हेच. २ फेब्रुवारी २०२२, अमेरिकेने होंडुरासविरुद्धची वर्ल्ड कप क्वालिफायर मिनेसोटातल्या सेंट पॉलला ठेवली, उणे १६. होंडुरासच्या गोलकीपरसकट काही खेळाडूंना हाफटाइमला थंडीमुळे बाहेर काढावं लागलं, अमेरिका ३-० जिंकली. एवढा मोठा देश, फ्लोरिडा मोकळं पडलेलं, तरी मिनेसोटाच निवडलं. पाहुण्याला गारठवून मिळवलेला विजय मला तरी गोड लागला नाही. जर्मनीत बुंडेसलीगा मैदानाखाली हीटिंग सक्तीचं करते, वर हिवाळ्यात सुट्टीही घेते.

निशा_ओहायो
मुळात प्रश्न छपराचा नाहीच, घड्याळाचा आहे. २०२४ च्या त्याच शनिवारी दोन प्लेऑफ मॅचेस होत्या. ह्यूस्टनला छप्पर बंद करता येणारं स्टेडियम, तिथे दुपारी साडेतीन. कॅन्सस सिटीला छप्पर नाही, तिथे संध्याकाळी सात! अदलाबदल केली असती तर निदान सुरुवात तरी उन्हात झाली असती. पण प्राइम टाइम स्ट्रीमिंगवाल्यांना विकलेला, त्यामुळे वेळ हलणार नाही. आणि जमत नाही असं कोणी म्हणू नये, त्याच वीकेंडला बफेलोची मॅच हिमवादळामुळे रविवारवरून सोमवारी ढकललीच की. बर्फ डोळ्यांना दिसतो म्हणून थांबतात, नुसता आकडा खाली गेला तर कोणी थांबत नाही.

चीझहेड_पुणेकर
वेळेचं पटलं, निशाताई. दुपारी खेळवा, माझी काहीच हरकत नाही. पण तारीख बदलू नका. आणि बघायला यायची जबरदस्ती कोणावर नाही, ज्याला सोसत नाही त्याने टीव्हीवर बघावं.

मिडवेस्टचा_मराठी
तिकीटवाला घरी बसेल रे. पार्किंगमध्ये गाड्या लावून घेणारा, गेटवर हातमोजे काढून बॅगा तपासणारी बाई, जिन्यांवर मीठ टाकणारी पोरं, यांना टीव्हीचा पर्याय कोणी दिलाय? खेळाडूंना साइडलाइनला गरम बाक असतात, हीटर असतात. या लोकांसाठी काय असतं ते पुढच्या वेळी स्टेडियमला गेलास की बघ, आणि मग सांग आकडा ठरवायचा की नाही. मी उणे १८ म्हणतो, वारा धरून.

चीझहेड_पुणेकर
वारा धरून उणे १८ म्हणजे ग्रीन बेमध्ये जानेवारीत कितीतरी रात्री मॅच होणारच नाही. उणे ३० म्हण, मग बोलू.