कोटणीस जिथे गेले त्या तांगला इतिहास नाही?

नकाशावेडा: काल इथे एकाने लिहिलं, ‘चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनमधल्या कुठल्याशा ओसाड खेड्यात वारले, युद्ध सोडलं तर त्या भागाला इतिहासच नाही.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. ते गाव गेगोंग, हेबेई प्रांतातल्या तांग तालुक्यातलं. पश्चिमेला ताइहांगचे डोंगर, पूर्वेला सपाट गव्हाळ मुलूख. चीनच्या प्रसिद्ध मोठ्या भिंतीची मिंग राजवटीतली जी आतली रांग आहे, तिच्या तीन मोठ्या खिंडींपैकी दाओमाग्वान याच तालुक्यात आहे. नावाचा अर्थच ‘घोडा कोसळतो ती खिंड’. चीनच्या पुराणकथांतल्या सम्राट याओची पहिली जहागीर इथलीच, असं परंपरा सांगते. मैदानातली रेल्वे जपान्यांच्या हाती होती, म्हणून कोटणीस जिथे काम करत तो दवाखाना आणि वैद्यकीय शाळा डोंगरात गेली. भूगोल कळल्याशिवाय कोटणीस कळणार नाहीत.

सोलापुरी: काल लिहिणारा मीच. याओची दंतकथा म्हणजे इतिहास का? आमच्याकडे प्रत्येक डोंगरावर पांडव राहून गेलेत. आणि तालुका कसला? पुस्तकात ‘जिल्हा’ वाचलंय.

नकाशावेडा: पुस्तक चुकलंय. वर बाओदिंग आहे, तो आपल्या जिल्ह्यासारखा. तांग त्याच्या हाताखाली. हे चुकीचं भाषांतर वर्षानुवर्षं चालू आहे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही!

भीमाकाठ: जिल्हा-तालुका राहू द्या. त्याच तालुक्यात तांग नदीवर 1958 ला शीदायांग धरणाचं काम सुरू झालं. पाणी बाओदिंग शहराला, आणि उठली कोण? काठची गावं. आमचं घर उजनीत गेलं. आजी उंबऱ्याचा दगड बैलगाडीत घालून घेऊन आली, तो अजून आमच्या दारात आहे. पळसनाथाचं देऊळ पाणी आटलं की वर येतं, तेव्हा म्हातारी माणसं काठावर जाऊन नुसती बसतात. धरणाचा इतिहास कोण लिहिणार?

सोलापुरी: उजनी नसती तर सोलापूर तहानेने मेलं असतं. दरवेळी हेच रडगाणं.

भीमाकाठ: रडगाणं? तुमच्या नळाला पाणी येतं ते आमच्या शेतावरून. जीभ सांभाळा.

नकाशावेडा: दोघंही थांबा. धरणाचं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. ही नदी शान्शीतून येते आणि पुढे बाययांगदियान सरोवराला मिळते. वर पाणी अडलं की खाली सरोवराला कमी पडणारच. भीमाकाठ, तुमचा मुद्दा तिथेही लागू आहे.

परदेशस्थ: कामासाठी बाओदिंगला असताना मी तांगला गेलो होतो. ऑक्टोबर होता, घरांच्या सपाट गच्च्यांवर मक्याची कणसं वाळत घातलेली. बेथ्यून आणि कोटणीस दोघांचं मिळून एकच स्मारक आहे. बेथ्यून कॅनडाचे डॉक्टर. बोटाच्या जखमेतून विष भिनून ते 12 नोव्हेंबर 1939 ला याच तालुक्यात गेले. कोटणीस 9 डिसेंबर 1942 ला, अपस्माराने, वय 32. मुलगा इनह्वा, म्हणजे ‘भारत-चीन’, तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. फुलं वाहणाऱ्या एका बाईंना मी सोलापूरजवळचा आहे म्हटलं, तर त्यांनी माझा हात किती तरी वेळ सोडलाच नाही.

सोलापुरी: ‘ओसाड’ आणि ‘इतिहास नाही’ दोन्ही मागे घेतो. याओचं मात्र मानणार नाही. आणि भीमाकाठ, रडगाणं म्हणायला नको होतं.

भीमाकाठ: ठीक. पण उजनीचा वेगळा धागा मी आज रात्री काढणार, तिथे या.